चौतीस जणांचे शंभर टक्के

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि दोन वर्षांपासून नाणी जमवणाऱ्या एका तरुणाला पंचम जॉर्जचा १९११ सालचा चांदीचा रुपया घ्यायचा आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर दोन परदेशी विक्रेत्यांनी तो लिलावात ठेवला आहे. पहिल्याचे एकूण ३४ अभिप्राय आहेत आणि ते सगळे पॉझिटिव्ह, म्हणजे शंभर टक्के. दुसऱ्याला गेल्या बारा महिन्यांत सुमारे ६,२०० अभिप्राय मिळाले असून त्याची टक्केवारी ९८.७ आहे, मात्र त्याच्याकडची बोली बरीच वर गेली आहे. विश्वास कोणावर ठेवावा? शिवाय मागच्या महिन्यात दुसऱ्याच एका विक्रेत्याकडून घेतलेले नाणे घासून चमकवलेले निघाले, आणि ‘निगेटिव्ह देऊ नका, मग पैशांचे पाहू’ असे त्याने कळवले आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: निव्वळ आकड्यांवरून पाहिले तर दुसरा विक्रेता अधिक भरवशाचा ठरतो. परंतु तो रुपया खरा आहे की नाही, हे दोघांच्याही आकड्यांवरून कळत नाही. तुमची खरी अडचण तिथेच असल्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

मी २००४ पासून ऑनलाइन लिलावात जुनी नाणी आणि टपाल तिकिटे घेतो व विकतो. त्याच वर्षी ईबेने बाझी डॉट कॉम ही भारतीय साइट विकत घेतली होती. ईबेची भारतीय शाखा ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. तेव्हापासून माझे व्यवहार परदेशी साइटवर आणि इथल्या व्हॉट्सॲप गटांवर चालतात. विक्रेता म्हणून मला आजवर दोन हजारांहून जास्त अभिप्राय मिळाले आणि त्यांत अकरा निगेटिव्ह आहेत. त्या अकरांपैकी चार मला पुरेपूर लागू होते, हे आधीच सांगून टाकतो.

ही पद्धत ईबेच्या जन्माइतकीच जुनी आहे. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये लिलावाची साइट सुरू केली आणि अनोळखी माणसांची भांडणे आपल्याला एकट्याला मिटवता येणार नाहीत हे ओळखून फेब्रुवारी १९९६ मध्ये अभिप्रायाची सोय केली: समाधान झाले तर अधिक एक, मत मधले असेल तर शून्य, तक्रार असेल तर उणे एक. विक्रेत्याच्या नावापुढे कंसात दिसणारा आकडा या बेरीज-वजाबाकीतून येतो आणि तो दहावर गेला की पिवळा तारा मिळतो. टक्केवारी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती फक्त गेल्या बारा महिन्यांची असते आणि तिच्यात तटस्थ अभिप्राय धरले जात नाहीत. त्यामुळे ‘ठीकठाक, पण पुन्हा घेणार नाही’ असे पन्नास जणांनी लिहिले, तरी टक्केवारीवर एक ओरखडाही उमटत नाही. म्हणून मी टक्केवारीच्या आधी तटस्थ अभिप्राय उघडून वाचतो. स्पष्ट निगेटिव्ह द्यायला संकोचणारी सभ्य माणसे आपली नाराजी नेमकी तिथे नोंदवत असतात.

आता तुमचे ३४ आणि ६,२०० पाहू. संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा एक सोपा नियम आहे. एखादी चूक जितक्या वेळांत एकदाही घडलेली दिसली नसेल, तर तिचे खरे प्रमाण साधारण तीन भागिले तितक्या वेळा इतके असू शकते, हे ९५ टक्के खात्रीपर्यंत नाकारता येत नाही. चौतीसपैकी एकही तक्रार नाही, याचा अर्थ (तीन भागिले चौतीस) त्या विक्रेत्याच्या दर शंभर व्यवहारांत जवळजवळ नऊ बिघडत असले तरी आजच्या नोंदीवरून ते तुम्हाला दिसणार नाही. दुसऱ्याच्या ६,२०० मध्ये सुमारे ८० तक्रारी आहेत, म्हणजे आठवड्याला दीड. ऐकायला वाईट वाटते. पण त्याचे खरे प्रमाण एक ते सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास आहे, हे आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो. पहिल्याबद्दल आपल्याला जवळपास काहीच ठाऊक नाही, आणि ‘काहीच ठाऊक नाही’ ही गोष्ट पडद्यावर ‘१००%’ अशी उठून दिसते.

पहिल्याकडची बोली खाली राहिली म्हणून तो लबाड आहे, असा मात्र निष्कर्ष काढू नका. पॉल रेझ्निक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच संच त्यांनी एका नावाजलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरून आणि नव्याने उघडलेल्या खात्यांवरून विकले. माल एकच आणि विकणारा माणूसही तोच असताना, जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. प्रत्येक नव्या विक्रेत्याला ही उधारी फेडावी लागते; मीही पहिली दोन वर्षे फेडली आहे. किमतीतला फरक दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर तो नवखेपणाचा मानावा. निम्म्या किमतीत रुपया जात असेल, तर मात्र तिथे बोली लावणाऱ्या इतरांना छायाचित्रात काहीतरी खटकले आहे.

आता मूळ मुद्दा. अभिप्राय देणारा माणूस वस्तूची पारख करत नसतो. तो आपले समाधान झाले की नाही ते सांगतो, आणि ते समाधान त्याच्या स्वतःच्या माहितीपेक्षा मोठे असू शकत नाही. चार्जर चालतो की नाही हे कोणालाही कळते, त्यामुळे चार्जर विकणाऱ्याचे रेटिंग पुष्कळ काही सांगून जाते. नाण्याच्या बाबतीत तसे नाही. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे छापलेली, मागे रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची नाणी तुम्ही पाहिली असतील. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती अलीकडच्या काळात हौशी लोकांसाठी तयार केलेली पदके आहेत. तरीही ती दुर्मिळ म्हणून विकणाऱ्यांच्या पानावर जाऊन पाहा. ‘वेळेत मिळाले’, ‘पॅकिंग उत्तम’, ‘देवघरात ठेवले, धन्यवाद’ असे अभिप्राय रांगेने लागलेले दिसतील, आणि त्यांतला एकही खोटा नाही. पाकीट खरोखरच वेळेत आलेले असते आणि घेणारा माणूस मनापासून आनंदी असतो. फसवणूक इतकी पूर्ण झालेली असते की तक्रार करायला कोणी उरतच नाही.

म्हणून विक्रेत्याला किती अभिप्राय मिळाले यापेक्षा ते कोणत्या वस्तूवर आणि कोणाकडून मिळाले हे पाहावे. अनेक अभिप्रायांसमोर वस्तूचे नाव दिसते. दुसऱ्या विक्रेत्याच्या ६,२०० अभिप्रायांपैकी बहुतेक जर पाच-दहा डॉलरच्या मिश्र नाण्यांच्या पिशव्यांवरचे असतील, तर चांदीच्या दुर्मिळ रुपयाबाबत त्यांचा उपयोग थोडा आहे. उलट पहिल्याच्या ३४ पैकी दहा जण स्वतः नाण्यांचे जुने खरेदीदार असतील आणि त्यांनी ब्रिटिश भारताचेच रुपये घेतले असतील, तर ते दहा अभिप्राय मला त्या हजारांपेक्षा अधिक मोलाचे वाटतील. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात एखाद्या दुकानाबद्दल शंभर गिऱ्हाइकांचे मत घेण्यापेक्षा दोन शेजारी सराफांचे मत घ्यावे, त्यातलाच हा प्रकार आहे. निगेटिव्ह वाचतानाही हीच चाळणी लावा. त्या ८० पैकी साठ टपालाच्या उशिराबद्दल असतील तर सोडून द्या. ‘खोटे’, ‘ओतीव’ (साच्यात ओतून केलेली नक्कल), ‘घासलेले’, ‘छायाचित्रातले नाणे वेगळे होते’ अशा अर्थाचे पाच सापडले, तर टक्केवारी ९९.९ असली तरी मी त्या पानावरून निघून जातो.

आणखी एक पथ्य मी पाळतो: निगेटिव्हखाली विक्रेत्याने काय उत्तर दिले आहे ते वाचतो. ‘चूक आमची, पैसे परत केले’ एवढ्या पाच शब्दांत बोलणारा माणूस आणि ग्राहकाला मूर्ख ठरवणारा माणूस, हे दोघे उद्या तुमच्याशीही तसेच वागणार आहेत.

सगळीकडे इतके पॉझिटिव्ह का दिसतात, हेही समजून घेतले पाहिजे. रेझ्निक आणि झेकहाउझर यांनी १९९९ च्या सुमाराच्या ईबेवरील व्यवहारांची मोठी नोंद तपासली, तेव्हा निम्म्याहून थोड्याच अधिक खरेदीदारांनी अभिप्राय दिलेला आढळला, आणि दिलेल्यांपैकी ९९ टक्के पॉझिटिव्ह होते. कोणत्याही बाजारात शंभरातले नव्व्याण्णव जण खूश असतात यावर नागपूरचाच काय, कुठलाच माणूस विश्वास ठेवणार नाही. उत्तर गप्प राहिलेल्या निम्म्यांत आहे. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन तडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हाच धागा धरून एक वेगळे माप सुचवले: पॉझिटिव्ह अभिप्रायांना एकूण अभिप्रायांनी न भागता एकूण व्यवहारांनी भागायचे. ज्याचे ग्राहक मोठ्या संख्येने गप्प राहतात त्याच्याकडून घेणारा माणूस साइटवर पुन्हा खरेदी करायला कमी येतो, असे त्यांना दिसून आले. आपल्याला एकूण व्यवहारांचा नेमका आकडा मिळत नाही. परंतु विक्रेत्याच्या पानावर ‘विकलेल्या वस्तू’ दिसत असतील तर त्यांच्याशी अभिप्रायांची ढोबळ तुलना करता येते. दहा वस्तूंमागे सहा-सात जण बोलत असतील तर चांगले. दहामागे दोन बोलत असतील तर मी थबकतो.

गप्प राहण्यामागे पूर्वी भीतीही होती. २००६ मध्ये मी एका विक्रेत्याला ओतीव नाण्याबद्दल निगेटिव्ह दिला आणि तासाभरात माझ्या खात्यावर ‘वाईट खरेदीदार, सावध राहा’ असा निगेटिव्ह येऊन पडला. तेव्हा माझे जेमतेम साठ अभिप्राय होते. त्या एका डागाने टक्केवारी घसरली आणि पुढचे तीन महिने माझ्या तिकिटांवर बोली लावायला लोक बिचकत होते. दोन्ही बाजूंना एकमेकांवर डाग टाकता येत असल्यामुळे समोरचा आधी काय लिहितो याची वाट पाहत दोघेही बसून राहत. ईबेने २००७ मध्ये वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का, संवाद, पाठवण्याचा वेग आणि पाठवणीचा खर्च या चार बाबींसाठी एक ते पाच तारे सुरू केले, आणि त्यांत कोणी किती दिले हे विक्रेत्याला कळत नसे. मे २००८ पासून तर विक्रेत्याला खरेदीदारावर निगेटिव्ह किंवा तटस्थ अभिप्राय देणेच बंद झाले. विक्रेता म्हणून मला तेव्हा राग आला होता. आता मागे पाहता तो निर्णय बरोबर होता असे वाटते, जरी त्यातून धमकी देणारे खरेदीदारही निर्माण झाले.

ताऱ्यांबद्दल एक आपल्याकडची गोष्ट. आपल्या मनात साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी आणि पाचपैकी चार म्हणजे विशेष प्रावीण्य असते. त्यामुळे आपला माणूस खूश होऊन चार तारे देतो, आणि तिकडे विक्रेत्याची ४.९ ची सरासरी खाली येते. तक्रार नसेल तर पाच द्या. तसेच सीमाशुल्काची पावती पोस्टमनने हातात ठेवली म्हणून, किंवा पाकीट मुंबईत पंधरा दिवस अडकले म्हणून विक्रेत्याचे तारे कापू नका; त्याने कोणत्या तारखेला टपालात टाकले तेवढेच त्याच्या हातात होते. पॅकिंग मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते. माझ्या चार रास्त निगेटिव्हपैकी एक असाच आहे. ऐन पावसाळ्यात मी न वापरलेली तिकिटे ग्लासीन या गुळगुळीत, पातळ कागदाविना कोलकात्याला पाठवली, दमट हवेने गोंद सुटला आणि पूर्ण संच एकमेकांना चिकटून पोहोचला. मी पैसे परत केले, ग्राहकाने अभिप्राय बदलला नाही, आणि त्याने बदलायला हवा होता असे मला आजही वाटत नाही.

पहिल्या विक्रेत्याबाबत अजून एक तपासणी करा. नवे खाते उघडायचे, किरकोळ किमतीच्या तीस-चाळीस वस्तू भराभर विकून किंवा विकत घेऊन आकडा फुगवायचा आणि मग एकदम महागडी वस्तू लिलावात ठेवायची, ही जुनी चाल आहे. त्याचे ३४ अभिप्राय विक्रेता म्हणून मिळाले की खरेदीदार म्हणून, हे पान उघडल्यावर वेगवेगळे दिसते. बहुतेक जण ते उघडतच नाहीत. जुन्या विक्रेत्यालाही न तपासता सोडू नका. लुइस कब्राल आणि अली होर्ताचसू यांनी २०१० मध्ये दाखवले की साइट सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या विक्रेत्याला शेवटच्या काळात नेहमीपेक्षा जास्त निगेटिव्ह मिळतात. नाव उद्या लागणारच नसेल तर ते आज जपण्याचे कारण उरत नाही. म्हणून बारा महिन्यांची टक्केवारी बघून झाली की गेल्या एक महिन्याचा स्तंभ जरूर बघा.

आता तुमच्या घासलेल्या नाण्याबद्दल. ‘निगेटिव्ह देऊ नका, मग पैशांचे पाहू’ या अटीला हो किंवा नाही, दोन्ही म्हणू नका; अभिप्रायाचा विषयच काढू नका. साइटच्या निरोपपेटीतूनच, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर न जाता, एवढेच लिहा की वर्णनात ‘मूळ स्थितीत’ असे म्हटले होते, नाणे घासलेले आहे, सोबत छायाचित्रे आहेत आणि मला ते परत करायचे आहे. मग त्याच दिवशी साइटवर परताव्याची रीतसर विनंती नोंदवा. ईबेच्या खरेदीहमीखाली वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूची तक्रार वस्तू पोहोचल्यापासून ३० दिवसांत करावी लागते, तर अभिप्राय द्यायला ६० दिवस मिळतात. तुमच्या विक्रेत्याचा ‘पाहू’ हा शब्द या फरकावर उभा आहे: तुम्ही वाट पाहत राहाल, पहिली मुदत टळेल आणि मग हातात फक्त अभिप्राय उरेल. त्यामुळे आधी पैसे आणि मग शब्द, हा क्रम मोडू नका. पैसे परत मिळाल्यावर जे घडले ते दोन वाक्यांत, विशेषणे न लावता लिहा. ‘नाणे घासलेले होते, वर्णनात उल्लेख नव्हता, आग्रहानंतर परतावा मिळाला’ हा अभिप्राय पुढच्या खरेदीदाराला ‘चोर आहे’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो. आणि उलट बाजूने, ‘सूट द्या नाहीतर निगेटिव्ह देतो’ असे स्वतः कधीही लिहू नका. ते साइटच्या नियमांत बसत नाही आणि तुमचेच खाते अडचणीत येते.

विक्रेता भारतातला असता तर आणखी एक दार उघडे होते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार भारतीय साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावे, अशी तरतूद आहे. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाचे परीक्षण लिहिण्यालाही तिथे मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा मला एकदा चांगला अनुभव आला आहे. परदेशातल्या एकट्यादुकट्या विक्रेत्यापुढे मात्र यातले फारसे काही चालत नाही. तिथे साइटची हमी हाच आधार.

व्हॉट्सॲपवरच्या नाण्यांच्या लिलावांत तारे नसतात, पण तिथे ‘रेफरन्स’ चालतो: नव्या माणसाला गटातल्या दोन जुन्यांची नावे सांगावी लागतात. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगाची बोली होते तेव्हा घेणारा फळ हातात घेऊन बघतो, आणि ज्या अडत्याकडून घेतले त्याच्याच समोर उद्या सकाळी पुन्हा उभा असतो. ‘रेफरन्स’ची पद्धत त्या ओळखीची नक्कल करते. लहान गटात ती छान चालते. गट दोनशेच्या पुढे गेला की रेफरन्स देणाराच कोणाला ठाऊक नसतो, आणि तिथे परताव्याचा नियम लेखी नसेल तर मी पाचशे रुपयांवरची बोली लावत नाही.

राहिला तुमचा रुपया. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरील मानचिन्हांच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेण्यात आली, बरीचशी वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड व कान स्पष्ट असलेला नवा साचा आला. या नाण्याला किंमत आहे ती त्यामुळेच. १९१२ मधला दोन कोरून कोणी एक केला, तरी हत्ती १९१२ चाच राहतो. तेव्हा दोन्ही विक्रेत्यांना एकच निरोप पाठवा: हत्तीच्या जागेचे आणि सालाच्या अंकांचे जवळून घेतलेले छायाचित्र, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे वजन (ते ११.६६ ग्रॅमच्या जवळपास, झिजेमुळे किंचित कमी, असायला हवे) आणि कडेचे एक छायाचित्र. जो दोन दिवसांत तिन्ही पाठवेल त्याच्याकडे बोली लावा, मग तो चौतीसवाला असो की सहा हजारवाला. छायाचित्रे आली आणि हत्तीबद्दल शंका राहिली, तर ती इथेच टाका. माझ्याकडे १९११ चा एक आणि १९१२ चे तीन रुपये आहेत, मी शेजारी ठेवून बघून सांगेन.